काहीच क्लिक केलं नव्हतं, तरी किडा आत आला कसा?

वेंधळी

भाच्याला व्हायरस आणि वर्म यांतला फरक लिहून न्यायचा होता. व्हायरस फाइलला चिकटतो, वर्म आपला आपण पसरतो, एवढं त्याच्या पुस्तकात होतं. त्यावर त्याचा प्रश्न: "आपला आपण म्हणजे कसं गं आत्या? कुणी दार उघडल्याशिवाय?" मला सांगता येईना. पण २००३ चा ऑगस्ट आठवला आणि म्हटलं, इथेच विचारावं.

तेव्हा मी एका ऑफिसात नवी होते. सकाळी मशीन सुरू केलं, एक तक्ता उघडला आणि पडद्याच्या मधोमध चौकट आली. मशीन ६० सेकंदांत बंद होणार, काम सेव्ह करा. खाली उलटी मोजणी. पुन्हा सुरू केलं, पाच-सात मिनिटांनी पुन्हा तेच. मला वाटलं मीच काहीतरी भलतं दाबलं (हे नाव उगाच घेतलेलं नाही). सिस्टमवाल्या मुलाने मशीन फॉरमॅट केलं, सीडीवरून विंडोज नव्याने टाकली, नेटवर्कची केबल खोचली आणि पॅच, म्हणजे विंडोजमधली चूक दुरुस्त करणारी फाइल, उतरवायला लावला. पट्टी निम्म्यावरही आली नव्हती, तोवर चौकट परत हजर. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न...

त्या कोऱ्या मशीनवर मी एकही मेल उघडली नव्हती, एकही फ्लॉपी घातली नव्हती. तरी "अनोळखी फाइली उघडू नयेत" असा मेमो मात्र माझ्याच टेबलावर आला. तो राग अजून गेलेला नाही. तर जाणकारांनो, तो आला कुठून? आणि अँटीव्हायरस काय करत बसला होता?

रात्रपाळी

ताई, तुम्ही निर्दोष आहात. तो मेमो परत घ्यायला लावा.

तुम्हाला भेटला तो ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजेच किडा. एका मशीनवरच्या प्रोग्रामने दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रामला काम सांगावं यासाठी विंडोजमध्ये आरपीसी नावाची सेवा असते. ती १३५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, कान देऊन बसलेली असते, तुम्ही लॉगिन करा वा न करा. येणाऱ्या निरोपातला एक तुकडा किती लांब आहे हे ती तपासत नव्हती. तो तुकडा प्रमाणाबाहेर लांब पाठवला की पाठवणाऱ्याला तुमच्या मशीनवर हवं ते चालवता येई. किडा तेच करायचा: दुसऱ्या मशीनमध्ये घुसायचा, तिथून स्वतःची फाइल ओढून घ्यायला लावायचा, आणि ते मशीन लगेच पुढच्या पत्त्यांवर टकटक करायला लागायचं. या सगळ्यात तुमचा वाटा फक्त केबल खोचण्याचा. तोही त्या सिस्टमवाल्या मुलाचाच.

चौकटीची गंमत ऐका. विंडोज २००० आणि एक्सपी यांना मेमरीतला वेगवेगळा पत्ता द्यावा लागे. समोर कोण आहे हे ब्लास्टर बघतच नसे, पाचातल्या चार वेळा एक्सपी असेल असं धरून दगड मारायचा. नेम चुकला की आरपीसी सेवा कोसळायची, आणि ती कोसळली की एक्सपी साठ सेकंदांची मुदत देऊन स्वतःला रीस्टार्ट करायचं. तुम्ही ज्याला घाबरलात ती मोजणी किड्याच्या योजनेत नव्हती. तो बेतालपणा होता.

या भोकासाठीचा पॅच १६ जुलै २००३ ला निघाला होता. किडा ११ ऑगस्टला. मधले २६ दिवस काय चाललं होतं, खरी गोष्ट तिथे आहे. आत्ता ड्यूटीवर आहे, पहाटे लिहितो.

शंकासुर

सरळ गोष्ट अवघड करून सांगताय. व्हायरस अँटीव्हायरसवालेच बनवतात. धंदा आहे.

वेंधळी

आलात का! धागा आता शंभरी गाठणार.

आजोबा६४

शंकासुरा, हे मी फ्लॉपीच्या काळापासून ऐकतोय. पण ज्यांनी लिहिले त्यातल्या बऱ्याच जणांची नावं जगजाहीर आहेत आणि त्यांत कोणी अँटीव्हायरस विकणारा नव्हता. १९८२ चा एल्क क्लोनर, अ‍ॅपल टू वरचा. लिहिणारा रिच स्क्रेंटा, वय पंधरा. दर पन्नासाव्या वेळी मशीन सुरू करताना एक बाष्कळ कविता दाखवायचा. १९८६ चा ब्रेन, आयबीएम पीसीवरचा पहिला. तो लाहोरच्या अल्वी बंधूंचा, आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला होता. चोराने घरफोडी करून व्हिजिटिंग कार्ड ठेवावं तसं. त्यांचं म्हणणं, आपलं सॉफ्टवेअर फुकटात उतरवून घेणाऱ्यांना हिसका दाखवायचा होता.

पण वेंधळीताईंच्या भाच्याला सांगण्यासारखं असं की या दोघांनी कुठलंही भोक शोधलं नव्हतं. मशीन सुरू होताना फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये जे असेल ते वाचायचं आणि चालवायचं, हा त्या मशीनचा रीतसर नियमच होता. हे दोघे त्या जागेवर जाऊन बसले, एवढंच. आम्ही सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून घरी जायचो, सकाळी मशीन त्याच फ्लॉपीवरून सुरू व्हायला बघायचं, आणि "ही सिस्टम डिस्क नाही" असा निरोप पडद्यावर येईपर्यंत पाहुणा आत पोचलेला असायचा. मग त्या दिवशी घातलेली प्रत्येक फ्लॉपी बाधित. वेग किती? माणूस फ्लॉपी खिशात घालून जितका चालेल तितका.

वर्मची जात वेगळी. शब्द आला १९७५ च्या एका इंग्रजी विज्ञान कादंबरीतून, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या दोघांनी तो उचलला. त्यांना रिकाम्या पडलेल्या मशीनवर काम वाटून द्यायचं होतं. एका रात्री त्यांचा प्रयोग बिघडला आणि सकाळी सगळी मशीनं बंद पडलेली सापडली. म्हणजे पहिल्यापासून लक्षणं ठीक नव्हती.

शून्यापासून

आजोबा, मॉरिस वर्मबद्दल सांगा ना. आमच्या अभ्यासक्रमात एकाच ओळीत उरकलंय.

आजोबा६४

ते अर्धविरामने सांगावं, प्रोग्राम लिहिणं हा त्याचा धंदा आणि चूक त्यातलीच आहे.

अर्धविराम

चूक आमच्या धंद्यातली खरी, मान्य.

२ नोव्हेंबर १९८८. रॉबर्ट टॅपन मॉरिस, कॉर्नेलचा विद्यार्थी. किडा सोडला मात्र एमआयटीतल्या मशीनवरून, म्हणजे माग लागू नये. त्याच्याकडे आत शिरायच्या तीन-चार वाटा होत्या. मेल पोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये चुका शोधण्यासाठी ठेवलेली आणि चालूच राहिलेली एक सोय, सोपे पासवर्ड, एकमेकांवर विश्वास ठेवणारी मशीनं, आणि फिंगर नावाच्या सेवेतला बफर ओव्हरफ्लो. शेवटच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुढची वीस वर्षं याच एका प्रकाराने गाजवली.

फिंगरला तुम्ही एक नाव पाठवायचं, ती त्या माणसाची माहिती सांगायची. नाव ठेवायला प्रोग्रामरने ५१२ बाइटची जागा राखली होती. ओळ वाचायला त्याने सी भाषेतलं 'गेट्स' हे फंक्शन वापरलं. या गेट्सला जागा कुठे सुरू होते ते सांगता येतं, कुठे संपते ते सांगायची सोयच नाही. ओळ संपेपर्यंत ते लिहीत सुटतं. मॉरिसच्या किड्याने ५३६ बाइट पाठवले.

वरचे २४ बाइट कुठे गेले? एखादं फंक्शन कामाला लागतं तेव्हा "हे झालं की परत कुठे जायचं" तो पत्ता त्याच ढिगात, म्हणजे स्टॅकवर, लिहून ठेवलेला असतो. राखलेल्या जागेच्या थोडा पुढे. जास्तीचे बाइट त्या पत्त्यावर सांडले. फंक्शनने इमानेइतबारे काम संपवलं, परतीचा पत्ता वाचला, आणि त्या पत्त्यावर गेलं. तो पत्ता होता मॉरिसने नुकत्याच पाठवलेल्या ओळीच्या आतला, आणि तिथे नावाऐवजी मशीनला कळणाऱ्या आज्ञा होत्या. झालं. निरोप्याने आणलेली चिठ्ठी साहेबाने सही करून स्वतःचा हुकूम म्हणून काढली.

हा हल्ला फक्त व्हॅक्स मशीनवर चालायचा. सन-३ वर मेमरीची मांडणी वेगळी, तिथे फिंगर नुसती कोसळायची. (ब्लास्टरचा चुकलेला नेम आठवा. पंधरा वर्षं आधी तीच कथा.)

मॉरिसचं दुर्दैव त्याच्या एका हिशोबात होतं. एकाच मशीनवर दोन प्रती नकोत म्हणून किडा आधी विचारायचा, "इथे मी आहे का?" पण एखादा हुशार ॲडमिन खोटंच "हो" म्हणणारा प्रोग्राम बसवेल, म्हणून त्याने ठरवलं की सातातल्या एका वेळी "हो" आलं तरी घुसायचं. सातात एक हे प्रमाण भलतंच मोठं निघालं. प्रतींवर प्रती साचल्या आणि मशीनं गुदमरली. त्या काळच्या सुमारे ६०,००० मशीनपैकी ६,००० बाधित झाली असं म्हणतात, तो अंदाजच आहे. मॉरिसला तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला. गेट्स हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणातून काढायला मात्र २०११ उजाडलं.

शून्यापासून

२०११?? आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत अजून आहे ते.

अर्धविराम

वही बदल.

रात्रपाळी

पहाटेचे चार. सर्व्हर शांत आहेत, तेवढ्यात ते २६ दिवस.

लोकांना वाटतं की किडा लिहिणारा महिनोन्महिने अंधाऱ्या खोलीत बसून भोक शोधतो. कधी कधी तसं असतंही. पण गाजलेल्या किड्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. कोड रेड: पॅच १८ जून २००१, किडा १३ जुलै. सॅसर: पॅच १३ एप्रिल २००४, किडा महिनाअखेर. कॉन्फिकर: पॅच २३ ऑक्टोबर २००८, किडा नोव्हेंबरात. वॉनाक्राय: पॅच १४ मार्च २०१७, किडा १२ मे. स्लॅमर तर कहर, पॅच जुलै २००२ चा आणि किडा २५ जानेवारी २००३ ला. सगळीकडे औषध आधी, रोग नंतर.

कारण पॅच म्हणजेच नकाशा. दुरुस्तीआधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवायची आणि काय बदललं ते बघायचं. एखाद्या फंक्शनमध्ये "लांबी इतक्यापेक्षा जास्त असेल तर नाकार" अशी नवी तपासणी दिसली, की कालपर्यंत ती तिथे नव्हती हे कळलंच. भिंतीवर ताज्या सिमेंटचा ठिपका दिसला की चोराला कळतं भोक कुठे होतं. त्याला फक्त अशी घरं हवीत जिथे अजून सिमेंट लागलेलं नाही. ती घरं असतात. पुष्कळ असतात.

ब्लास्टरचं भोक शोधलं पोलंडमधल्या एका संशोधक चमूने, आणि त्यांनी ते वापरायचा कोड जाहीर केला नाही. पॅच निघाल्यावर दुसऱ्यांनी तो काही दिवसांत तयार करून इंटरनेटवर टाकला. तो उचलून भोवती पसरण्याची यंत्रणा बांधणं हे मग कारागिरीचं काम.

शंकासुर

म्हणजे पॅच काढला नसता तर किडाच आला नसता. तुमच्याच तोंडून.

रात्रपाळी

तुम्ही वकील व्हायला हवं होतं. पॅच न काढता भोक तसंच ठेवलं, तर ज्याला ते आधीच गुपचूप माहीत आहे त्याला रान मोकळं. स्टक्सनेटचं उदाहरण घ्या, २०१० मध्ये सापडला. इराणमधल्या नतान्झच्या अणुप्रकल्पातल्या सेंट्रिफ्यूजसाठी, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी, बनवलेला. त्याच्याकडे विंडोजमधली चार भोकं अशी होती की ज्यांचा पॅचच नव्हता. त्यातलं एक असं की पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकट फाइलचं नुसतं चित्र एक्सप्लोररने दाखवलं तरी पुरे, डबल क्लिकही नको. मायक्रोसॉफ्टलाच माहीत नसलेल्या भोकाचा पॅच कुठून येणार?

वॉनाक्रायने वापरलेलं भोकही अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलं होतं. ते हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आलं. महिन्याभरात दीडशे देशांतली मशीनं कुलूपबंद.

जुनी_कळ

एक बाजू राहून जातेय म्हणून लिहिते. "पॅच आला होता, लावला नाही" असं म्हणताना सूर असा लागतो की समोरचे आळशीच होते. मी प्रयोगशाळेतली तपासणीयंत्रं सांभाळते. त्यातल्या एकाला जोडलेला कॉम्प्युटर जुन्या विंडोजवर चालतो. यंत्रवाल्या कंपनीचं लेखी पत्र आहे: आम्ही तपासल्याशिवाय एकही अपडेट टाकलंत तर यंत्राच्या आकड्यांची हमी आमची नाही. तपासून कधी देणार? "काम चालू आहे." हे उत्तर तीन वर्षं जुनं. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी त्या मशीनची केबल काढली आणि निकाल हाताने उतरवून घेते. चूक झाली तर तीही माझीच.

वॉनाक्रायमध्ये ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे हाल झाले तेव्हा सगळे म्हणाले, जुनी एक्सपी मशीनं ठेवली ना, भोगा. प्रत्यक्षात त्या किड्याला बळी पडलेल्या मशीनपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती. एक्सपीवर तो धड चालायचाही नाही, मशीन निळं पडून बंद व्हायचं.

रात्रपाळी

जुनी_कळताई, शंभर टक्के. केबल काढलीत ते बरोबरच केलंत. स्लॅमरच्या वेळचं सांगतो, ते तुमच्याच बाजूचं आहे. तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे माहितीचा साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, यायचा. कितीतरी जणांच्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हर होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं! दुसरंच कुठलंसं सॉफ्टवेअर घेतलं, त्याने पोटात त्याची छोटी आवृत्ती आणली. आपल्या घरात जी खोली आहे हेच माहीत नाही, तिची कडी कोण तपासणार? आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतली मशीनंही त्यात सापडली. आपण काढलेला पॅच आपल्याच घरात लावायचा राहिला होता.

अर्धविराम

स्लॅमरचा विषय निघालाच आहे तर मला आवरत नाही. माझ्या मते तो सगळ्यात देखणा किडा. (देखणा म्हणजे विंचू देखणा असतो तसा.)

पूर्ण किडा ३७६ बाइटचा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ३७६ बाइटमध्ये जेमतेम सव्वाशे चिन्हं बसतील. वेंधळीताईंचा पहिला परिच्छेदही मावणार नाही. तेवढ्यात घुसणं, पुढचा पत्ता ठरवणं आणि स्वतःला पाठवणं, सगळं.

ब्लास्टर किंवा कोड रेड टीसीपीवरून जायचे. त्यात आधी हाक मारायची, समोरून ओ यायची वाट बघायची, मग बोलायचं. पत्ता रिकामा असला की वाट बघण्यातच वेळ जातो. स्लॅमर यूडीपीवरून जायचा. तिथे पत्र टाकलं की टाकलं, पोच मागायची नाही. आणि किडा एका पाकिटात मावत असल्याने ते एक पाकीट म्हणजेच हल्ला. मशीनच्या लाइनमध्ये जितकी जागा तितक्या वेगाने पाकिटं. सुरुवातीला बाधितांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. दहा मिनिटांत जगातल्या भोकवाल्या मशीनपैकी सुमारे ९० टक्के गेली, निदान ७५,००० मशीनं. रात्रपाळीवरचा माणूस उठून चहा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच्यात फाइली पुसणं, चोरी वगैरे काहीच नव्हतं. नुसत्या गर्दीने अमेरिकेत एटीएम बंद पडली, विमानं उशिरा सुटली, आणि ओहायोतल्या एका अणुप्रकल्पात सुरक्षेची आकडेवारी दाखवणारी प्रणाली काही तास गेली. प्रकल्प तेव्हा बंद होता, नशीब.

आणि किडे लिहिणाऱ्यांच्या हातूनही बग राहतातच. कोड रेडच्या पहिल्या आवृत्तीत पुढचे पत्ते यादृच्छिक निवडायचे होते, पण सुरुवातीचा आकडा दर वेळी तोच. मग प्रत्येक बाधित मशीन तीच यादी घेऊन त्याच दारांवर जायचं. १९ जुलैला सुधारलेली आवृत्ती आली आणि १४ तासांच्या आत ३,५९,००० मशीनं गेली. फरक बहुतेक त्या एका आकड्याचा.

वेंधळी

वाचतेय, भाच्यालाही वाचून दाखवतेय. त्याचा प्रश्न: एखादा चांगला किडा सोडून त्याच्याकडूनच सगळ्यांना पॅच लावून घेता येणार नाही का?

रात्रपाळी

भाच्याला माझ्याकडे पाठवा, नोकरी देतो. हे झालंय. ब्लास्टरनंतर आठवड्याभरात वेल्चिया आला. त्याच भोकातून घुसायचा, ब्लास्टर काढायचा, मायक्रोसॉफ्टचा पॅच उतरवून लावायचा आणि २००४ साल लागलं की स्वतःला पुसायचा. ऐकायला संत. पण पुढचं मशीन जिवंत आहे का हे बघायला तो इतक्या हाका मारायचा की त्या गर्दीनेच नेटवर्कं बसली. ब्लास्टर परवडला, हा आवरा, असं म्हणायची वेळ आली. शिवाय न विचारता लावलेला पॅच जुनी_कळताईंच्या यंत्रावर लागला असता तर?

आजोबा६४

ताईंचा अँटीव्हायरसचा प्रश्न तसाच राहिला.

अर्धविराम

हो. अँटीव्हायरस त्या काळात मुख्यतः फाइली बघायचा, ओळखीच्या गुन्हेगारांचे फोटो हातात घेऊन. फोटो गुन्ह्यानंतर निघतो. ब्लास्टरची फाइल डिस्कवर येईपर्यंत आरपीसीतून घुसखोरी झालेली असायची. कोड रेड आणि स्लॅमर तर डिस्कवर उतरायचेच नाहीत, फक्त मेमरीत. रीस्टार्ट केलं की मशीन स्वच्छ, आणि नेटवर्कवर असलं की थोड्याच वेळात पुन्हा बाधित. कारण भोक तिथेच.

आणि सगळे व्हायरस ओळखणारा बिनचूक प्रोग्राम लिहिताच येत नाही, हे फ्रेड कोहेनने ऐंशीच्या दशकातच सिद्ध केलंय. युक्तिवाद एवढाच. समजा असा तपासनीस आहे. मी एक प्रोग्राम लिहितो जो आधी तपासनिसालाच विचारतो, "मी व्हायरस आहे का?" तो "हो" म्हणाला तर मी गप्प बसतो, "नाही" म्हणाला तर पसरतो. तपासनीस काहीही म्हणाला तरी खोटाच ठरतो.

शंकासुर

हे आवडलं. माझ्या बायकोशी होणारे वाद असेच असतात.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. अपडेट करा, अपडेट करा म्हणता. २०१७ च्या जूनमध्ये युक्रेनमध्ये जो आला तो अपडेटमधूनच आला होता ना?

रात्रपाळी

हा मात्र खणखणीत. नॉटपेट्या, २७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरवरच हल्लेखोरांनी कब्जा केला होता, त्यामुळे शहाण्यासारखं अपडेट घेणारे आधी गेले. आत आल्यावर तो वॉनाक्रायचं भोक वापरायचाच, पण शिवाय मेमरीतून पासवर्डही उचलायचा आणि ते घेऊन शेजारच्या मशीनवर साळसूदपणे लॉगिन करायचा. मग तिथे पॅच असून उपयोग काय? मर्स्क या जहाज कंपनीच्या सगळ्या शाखांतल्या लॉगिन खात्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर गेले. एक वाचला, घानामधला. तिथे हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती.

शंकासुर, तुमचं अर्धं बरोबर आहे. अपडेट हाही बाहेरून आलेला हुकूमच, आणि आपण तो डोळे मिटून पाळतो. तरीही मी दर महिन्याला पॅच लावतो, कारण अपडेटच्या वाटेने आलेले किडे मोजायला हाताची बोटं पुरतात, आणि न लावल्यामुळे आलेले मोजायला मला ही रात्र पुरणार नाही.

शून्यापासून

पण आता बफर ओव्हरफ्लो वगैरे संपलं असेल ना? आम्हाला जावा ही भाषाच शिकवतात, तिथे जागेबाहेर लिहिताच येत नाही.

अर्धविराम

कमी झालं, संपलं नाही. परतीच्या पत्त्याआधी एक पहारेकरी आकडा ठेवतात, तो बदललेला दिसला की प्रोग्राम थांबतो. मेमरीचे पत्ते दर वेळी पिसतात, म्हणजे ब्लास्टरसारखा अंदाजे दगड लागत नाही. माहितीच्या जागेतून आज्ञा चालवू देत नाहीत. ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल आपसूक चालू असते. वेंधळीताईंच्या कोऱ्या मशीनला हेच हवं होतं, एक वर्ष आधी.

जावाचं म्हणशील तर डिसेंबर २०२१ चा लॉग फोर शेल वाच. जावातली लॉग फोर जे ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामनी वापरायचा तयार कोड, हा वहीत नोंदी करणारा कारकून. कोण आलं, काय म्हणालं, लिहून ठेवायचं. या कारकुनाला एक जादा विद्या शिकवली होती: नोंदीत विशिष्ट कंसात काही लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ लावून, गरज पडली तर दुसऱ्या सर्व्हरला विचारून, उत्तर भरायचं. मग कोणीतरी स्वतःचं नाव म्हणूनच "अमुक पत्त्यावर जा आणि तिथलं घेऊन ये" असं सांगितलं. कारकून गेला, घेऊन आला, आणि आणलेलं चालवलं. एकही बाइट जागेबाहेर सांडला नाही. १९८८ ची फिंगर आणि २०२१ चा कारकून, दोघांची खोड तीच. पाहुण्याने सांगितलेलं नाव त्यांनी हुकूम म्हणून ऐकलं.

आणि ती लायब्ररी आपल्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे हे शोधण्यातच आमचे आठवडे गेले.

जुनी_कळ

स्लॅमरसारखंच.

आजोबा६४

भाच्याला शेवटी एक घरचं उदाहरण द्या. २०१६ चा मिराई. त्याला पसरायला भोकाचीही गरज नव्हती. कॅमेरे, राउटर यांना कारखान्यातून येताना जे ॲडमिन-ॲडमिन छापाचे पासवर्ड असतात, त्यांची साठेक जोड्यांची यादी घेऊन तो दारोदार फिरायचा. तेवढ्यावर त्याने लाखो उपकरणं गोळा केली आणि त्याच्या जोरावर ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पाडल्या. ताई, तुमच्या राउटरचा पासवर्ड काय आहे? इथे लिहू नका, फक्त बदललाय का ते सांगा.

वेंधळी

अय्या. राउटरला पासवर्ड असतो? वायफायचा वेगळा आणि त्याचा स्वतःचा वेगळा?

रात्रपाळी

राउटर उलटा करा. खाली चिकटपट्टीवर छापलेला असेल तोच अजून चालू असेल तर मी झोपायला जात नाही.

वेंधळी

तोच होता. भाच्याने बदलला. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, पानही उघडलं, तिथे "नवीन आवृत्ती उपलब्ध" असं लाल अक्षरात होतं. कधीपासून कोण जाणे. तीही लावली, पाच मिनिटं घरातलं नेट गेलं आणि मला पुन्हा ती चौकट आठवली.

भाच्याने वहीत लिहिलंय: व्हायरसला माणूस लागतो, वर्मला भोक लागतं, आणि आत्याला दोन्ही.

नवीन पासवर्ड त्याने कुठे लिहून ठेवलाय ते विचारायचं राहिलं. तो आत्ताच घरी गेला.